वरच्या ओळीतली बटणं

लेक : पुन्हा एकदा बघा. अकरा कसं असेल?

दुरुस्तीवाला : ताई, आकडा माझा नाही, मशीनचा आहे. सहा वर्षांत ही बॅटरी अकरा वेळा चार्ज झालीय. माझ्या मोबाइलची पंधरा दिवसांत याहून जास्त होते.

लेक : कायम वायर लावून वापरत असतील.

दुरुस्तीवाला : असतील. मग ही बटणं बघा. रोज टाइप करणाऱ्याची बटणं गुळगुळीत होतात, चकाकतात, दोन-चार अक्षरं तर पार पुसली जातात. ही कोरी करकरीत आहेत.

लेक : मग तुमचंच काहीतरी चुकतंय. माझे बाबा रोज सात-आठ तास यावर बसतात. हॉस्पिटलचे डॉक्टर तपासणीचे रिपोर्ट नुसते बोलून पाठवतात, बाबा हेडफोन लावून ऐकतात आणि टाइप करून देतात. बावीस वर्षं झाली. दिसत नाही त्यांना, सगळा कारभार कानांवर आणि बोटांवर. हा लॅपटॉप मी नोकरीला लागले तेव्हा पहिले काही पगार बाजूला ठेवून त्यांना दिला. तेव्हाचं सगळ्यात नवं मॉडेल.

दुरुस्तीवाला : बाबांना दिसत नाही.

लेक : नाही.

दुरुस्तीवाला : काठीला खाली पितळेची टोपी आहे? आणि बोलता बोलता मध्येच 'पूर्णविराम' म्हणतात?

लेक : हो. डॉक्टर तसं बोलून पाठवतात ना, तीच सवय. तुम्ही ओळखता त्यांना?

दुरुस्तीवाला : ओळखतो म्हणजे... मला वैद्यबुवा म्हणतात ते. ताई, एक सांगू? मशीन अगदी ठणठणीत आहे. घेऊन जा. पुसून देतो.

लेक : ठणठणीत आहे, तर मग बाबा काम का सोडतायत?

दुरुस्तीवाला : काका काम सोडतायत?

लेक : परवा आईचा फोन आला. एक तारखेपासून हॉस्पिटलचा नवा प्रोग्रॅम येतोय आणि बाबांनी सरळ लिहून दिलंय की आता वय झालं, थांबतो. एकसष्टाव्या वर्षी. मी विचारलं तर म्हणाले, कंटाळा आला. आता तुम्हीच सांगा, जो माणूस तापात पलंगावर बसून रिपोर्ट संपवतो, त्याला कंटाळा येईल? मी रजा टाकली आणि काल आले. म्हटलं, लॅपटॉप हळू झाला असेल आणि मला सांगायला संकोच वाटत असेल. आज ते फिरायला बाहेर पडले तसा उचलून आणला. आई म्हणाली, याच दुकानात ने, दुसरीकडे कुठे जाऊ नकोस.

दुरुस्तीवाला : काकू असं म्हणाल्या? माझ्याच दुकानात?

लेक : दोनदा म्हणाली.

दुरुस्तीवाला : काकूंनी मला चांगलंच कात्रीत पकडलं.

लेक : म्हणजे? आणि हे काचेवर काय चिकटलंय? या वरच्या पट्टीवर. वाळलेले थेंब दिसतायत.

दुरुस्तीवाला : खरवडू नका, ताई. नेलपॉलिश आहे.

लेक : बाबांच्या लॅपटॉपला नेलपॉलिश?

दुरुस्तीवाला : त्याबद्दल मी बोलणार नाही. मी काकांना शब्द दिलाय. पण मॉडेलबद्दल बोलायला हरकत नाही, ते मी कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलतो. याच्या आधीच्या मॉडेलला वर खऱ्या बटणांची एक ओळ होती. थांब, मागे, पुढे, आवाज कमी, आवाज जास्त. कंपनीला वाटलं, जुनाट दिसतंय. काढून टाकली आणि तिथे ही काचेची पट्टी बसवली, चित्रं दाखवणारी. बाजूला वायरी जोडायची चांगली पाच-सहा भोकं होती, ती बुजवून दोनच बारीक ठेवली. चार्जिंगच्या वायरीला चुंबक होतं. पाय अडकला तर वायर आपली निघून यायची आणि मशीन जागच्या जागी. तेही काढलं. वर आपल्यालाच सांगितलं, हे भविष्य आहे.

लेक : हे मला माहीत आहे. त्या पट्टीवर भाळूनच तर मी घेतला होता. काय सुंदर दिसायची.

दुरुस्तीवाला : दिसायची. बरोबर बोललात. ताई, जरा डोळे मिटा.

लेक : कशाला?

दुरुस्तीवाला : मिटा हो. मी एक गाणं लावतो. समजा, हे डॉक्टरांचं रेकॉर्डिंग आहे आणि एक शब्द तुम्हाला नीट कळला नाही. वरच्या पट्टीवर 'मागे' शोधायचं. चाचपून शोधा, पण सापडेपर्यंत काही दाबायचं नाही.

लेक : हं. ही काच सुरू झाली, आणि इथे... गाणं थांबलं. मी दाबलं नाही काही.

दुरुस्तीवाला : हात लावलात.

लेक : हात लावल्याशिवाय शोधू कसं? आता आवाज वाढला. आता हे काय झालं?

दुरुस्तीवाला : पडद्यावर अंधार झाला. तुम्ही डोळे उघडलेत की कळेल तुम्हाला. खऱ्या बटणावर बोट नुसतं टेकवून ठेवता येतं, ताई. हे तिसरं, हे चौथं, असं मोजत जाता येतं. काचेला बोट टेकलं की हुकूम सुटला. आधी डोळ्यांनी बघून मग बोट लावणाऱ्यांसाठी केलेली वस्तू आहे ती.

लेक : हे थेंब म्हणजे खुणा आहेत. कुठे काय आहे ते कळावं म्हणून.

दुरुस्तीवाला : मी काही बोललो नाही.

लेक : पण खुणेला हात लावायचा तर आधी काचेला लागतोच. वेगळा साधा कीबोर्ड जोडायचा होता ना मग.

दुरुस्तीवाला : कुठे जोडणार? भोकं बारीक. कीबोर्डला एक जोडणी, हेडफोनला दुसरी, आणि चार्जिंगला जागाच नाही म्हणून तिसरी. टेबलावर नुसता गुंता. हाताचा जरा धक्का लागला की एक निसटायची आणि मशीन बोलायचं थांबायचं. मग काय निसटलं ते शोधत बसा. एकदा वायरीत पाय अडकला आणि अख्खं मशीन खाली आलं. हा कोपरा चेपलाय, बघितलात?

लेक : तुम्हाला बरंच माहीत आहे, काही बोलणार नाही म्हणून.

दुरुस्तीवाला : पाणी घ्या, ताई.

लेक : नको. एवढंच सांगा, मग सहा वर्षं ते काम कशावर करतायत?

(दारावरची घंटी वाजते. काठी टेकत बाबा आत येतात. लेक गप्प राहते.)

बाबा : वैद्यबुवा, आमचा पेशंट कसा आहे? तुमचा घरी फोन आला म्हणे, येऊन घेऊन जा.

दुरुस्तीवाला : फोन? मी कुठे... काका, आधी जरा ऐका, इथे...

बाबा : आधी मी बोलतो, नाहीतर धीर जाईल. पेशंट गेला हे मला गेल्या आठवड्यातच कळलं होतं, तुम्ही 'बघतो' म्हणालात त्या सुरावरून. डॉक्टरांचे सूर ओळखण्यातच माझा जन्म गेलाय. बारा वर्षं चालला बिचारा. त्यातली निम्मी तुमच्यामुळे. पडदा गेला तेव्हा तुम्ही नवा बसवायला निघालात आणि मी म्हटलं, मला काय सिनेमा बघायचाय? बिनपडद्याचं मशीन नीट झालं की नाही हे तुम्ही कान लावून तपासायचात. असा दुकानदार कुठे मिळतो?

दुरुस्तीवाला : काका, एक मिनिट.

बाबा : आणि ते नवं मॉडेल पुन्हा गळ्यात मारू नका. बटणं परत आली, भोकं परत आली, चुंबक परत आलं, दोन वर्षं ऐकतोय. घेतलं तर लेकीला काय सांगू? तुझं चाललं नाही म्हणून? ती येणार म्हटली की मी तिचा लॅपटॉप चार्ज करून टेबलावर मांडतो आणि जुना पलंगाखाली सरकवतो. तिनं विचारलं, बाबा, कसा चालतोय, की म्हणतो, लोण्यासारखा. आता हॉस्पिटलचा नवा प्रोग्रॅम जुन्यावर चालणार नाही, आणि जुना तर राहिलाच नाही. इकडे आड, तिकडे विहीर. त्यापेक्षा काम सोडलेलं बरं. लिहून दिलं, मोकळा झालो. पूर्णविराम.

लेक : नवा परिच्छेद, बाबा.

बाबा : ...तू?

लेक : मी.

बाबा : कधीपासून आहेस?

लेक : तुमच्या आधीपासून. मी दिलेला लॅपटॉप इथे टेबलावर उघडा आहे. अकरा वेळा चार्ज झालाय तो. मी घरी किती वेळा आले, ते मला एका यंत्रानं सांगितलं.

दुरुस्तीवाला : काका, मी दोनदा सांगायला गेलो.

बाबा : वैद्यबुवा, शब्द दिला होतात.

दुरुस्तीवाला : मी फक्त मॉडेलबद्दल बोललो.

लेक : त्यांना काही म्हणू नका. मला राग आलाय, बाबा, आणि कोणावर काढू ते कळत नाहीये. तुमच्यावर काढावा तर स्वतःचीच लाज वाटते. तुमच्यासाठी म्हणून मी दुकानात गेले आणि जे माझ्या डोळ्यांना आवडलं ते घेऊन आले. तुमच्या बोटांना विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

बाबा : तेवीस वर्षांची होतीस.

लेक : लहानपणापासून तुमच्या शेजारी बसून अभ्यास केला मी. तुमची बोटं कशी चालतात ते जगात मला सगळ्यात जास्त माहीत असायला हवं. पण तुम्हीही सांगायचं होतं. चौदा दिवसांत परत करता आला असता.

बाबा : तेराव्या दिवशी सांगणार होतो. वाक्य तयार होतं. तेवढ्यात तुझाच फोन आला, ऑफिसातून, अगदी हळू आवाजात. तुमच्या त्या साहेबानं सगळ्यांसमोर तुला झापलं होतं. तू जिन्यात उभी राहून बोलत होतीस, आवाज घुमत होता. म्हणालीस, 'बाबा, इथे आल्यापासून माझं सगळं चुकतंय. एक तुमचा लॅपटॉप तेवढा बरोबर घेतला.' आता यावर मी काय बोलणार होतो?

लेक : मला हे आठवतही नाही.

बाबा : मला आठवतं. जिन्यासकट.

लेक : मग पुढच्या महिन्यात सांगायचं.

बाबा : पुढच्या महिन्यात सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, महिनाभर का नाही सांगितलंत? खोट्याचं असं आहे, एक दिवस जास्त झाला की ते एका दिवसानं जड होतं. सहा वर्षांचं मला उचलवेना. म्हटलं, काम खाली ठेवणं सोपं आहे.

लेक : सोपं आहे? तुम्हाला? ज्या दिवशी रिपोर्ट येत नाहीत त्या दिवशी तुम्ही घरभर नुसत्या येरझाऱ्या घालता.

बाबा : नाही. सोपं नाही. गेले चार दिवस सकाळी उठतो आणि बोटांना काय सांगावं ते कळत नाही.

दुरुस्तीवाला : बसा, काका. उजवीकडे स्टूल आहे.

लेक : आणि आई? तिला सगळं माहीत होतं?

बाबा : नेलपॉलिश कोणाचं वाटलं तुला? एका दुपारी दोघं बसून थेंब लावले. ती म्हणायची 'इथे', मी बोट ठेवायचो आणि मशीन भलतंच काहीतरी करायचं. हसून हसून पुरेवाट झाली. नंतर तिनं कैकदा बजावलं, पोरीला सांगून टाका. मी नाही म्हटलं की ती गप्प बसायची.

लेक : गप्प बसली नाही ती. तिनं मला याच दुकानात पाठवलं. आणि तुम्हाला फोन आला म्हणून कोणी सांगितलं?

बाबा : तिनंच. वैद्यबुवांचा फोन आला, आत्ताच्या आत्ता जा.

दुरुस्तीवाला : मी फोन केलाच नव्हता.

बाबा : अस्सं. पस्तीस वर्षं संसार केला, पण हिचा डाव मला एकदाही आधी कळला नाही.

लेक : घरी गेलं की आधी तिच्या पाया पडते.

बाबा : तुझ्याआधी मी. ऐक, इकडे ये. हात दे. एक गोष्ट नीट समजून घे, कारण ती खोटी नव्हती. तू तो खोका माझ्या मांडीवर ठेवलास त्या दिवशी मी काय झालो होतो ते तुला सांगता येणार नाही. आमच्या घरात कोणी मला कामाची वस्तू कधी दिली नव्हती. स्वेटर द्यायचे, मफलर द्यायचे. आंधळ्या माणसाला ऊब द्यावी असं लोकांना फार वाटतं. काम करणारा माणूस म्हणून मला पहिल्यांदा तू दिलंस. ते मला पोचलं, ग. मशीन तेवढं चाललं नाही.

लेक : बाबा.

बाबा : रडतेयस?

लेक : हो.

बाबा : रड. वैद्यबुवांचं दुकान आहे, त्यांना सवय असेल. लोक इथे फोटो गेले म्हणून रडतात.

दुरुस्तीवाला : रोज एक तरी असतो. काका, आता माझं ऐकाल? नवं मॉडेल माझ्याकडे आहे. गळ्यात मारत नाही. नुसतं समोर ठेवतो.

बाबा : लेकीसमोर नाही कसं म्हणू? ठेवा.

दुरुस्तीवाला : हे. हात जरा डावीकडे. वरची ओळ शोधा.

बाबा : मिळाली. टेकवू?

दुरुस्तीवाला : खुशाल टेकवा. तासभर टेकवून ठेवा, काही होणार नाही.

बाबा : हे कोपऱ्यातलं. पहिलं, दुसरं, तिसरं... प्रत्येकाला कड आहे. सातवं. इथे 'मागे'. हो ना?

दुरुस्तीवाला : तेच. दाबा आता.

बाबा : दाबलं जातं. खाली जातं आणि वर येतं. अग, याला पोट आहे.

लेक : बाबा, तुमचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

बाबा : तू बघतेयस ना, पुरे. भोकं कुठे आहेत?

दुरुस्तीवाला : डाव्या हाताला तीन, उजव्याला तीन. हेडफोन थेट जातो, मध्ये जोडणीचं शेपूट नाही. आणि ही वायर नुसती जवळ न्या, खुपसू नका.

बाबा : स्वतःच बसली. ओढून घेतली तिनं.

दुरुस्तीवाला : आता गंमत ऐका. हे सगळं परत देताना कंपनीनं काय जाहिरात केली? 'खास तुमच्यासाठी, प्रथमच.' आमच्याच खिशातलं काढून घ्यायचं आणि काही वर्षांनी आमच्याच हातावर बक्षीस म्हणून ठेवायचं.

लेक : वरातीमागून घोडं.

बाबा : असू दे. घोडं आलं ना? कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन कटकट केली असेल, पुन्हा पुन्हा केली असेल. त्या माणसाचे उपकार. मी तर घरच्या घरीसुद्धा तोंड उघडलं नाही.

लेक : मी घेते हा.

बाबा : नाही. हा मी घेणार. माझं काम, माझं हत्यार. तू फक्त सोबत थांब आणि वैद्यबुवा मला काचेचं काही विकत नाहीत ना, ते बघ.

दुरुस्तीवाला : लोक मला विचारतात, नवा कधी घ्यावा. मी सांगतो, दुकानात काय नवीन आलंय ते बघून घेऊ नका, आपलं कुठे अडलंय ते बघून घ्या. काकांचं सहा वर्षं अडलं होतं, पण कबूल कोण करतंय?

लेक : आणि हा नाही आवडला तर? चौदा दिवस असतात, बाबा.

बाबा : चौदा मिनिटांत सांगेन. शपथ. तुझा हा तू घेऊन जा. डोळेवालीनं वापरावा असा आहे. आणि मला विचारू नकोस कसा चालतो.

लेक : नेते. वापरेनही. पण एक तारखेला काय? अर्ज देऊन बसलायत तुम्ही.

बाबा : तेच तर. मशीन मिळालं आणि काम गेलं. रेकॉर्ड विभागाच्या बाईंकडे दिलाय, सोमवारी. आज गुरुवार. एव्हाना वर पोचला असेल, दुसरा माणूसही बघितला असेल त्यांनी. रांगा असतात ग या कामाला. आता कोणत्या तोंडानं विचारू?

लेक : याच तोंडानं. सहा वर्षं 'लोण्यासारखा' म्हणणारं तोंड आहे ते, त्याला एक खरं वाक्य बोलायला काय होतंय? नंबर सांगा, मी लावून देते.

बाबा : तो नंबर मला पाठ आहे. फोन दे.

लेक : घ्या. वाजतोय.

बाबा : हॅलो, बाई, मी बोलतोय. हो, बरा आहे. नाही, रिपोर्टबद्दल नाही. बाई, सोमवारी मी एक अर्ज दिला होता. त्यात मी वयाचं कारण लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. माझ्याकडे नव्या प्रोग्रॅमला चालेल असं मशीन नव्हतं. आता आहे, हे समोरच आहे, बोटाखाली. उशीर झाला असेल तर तसं सांगा, मी समजून घेईन. पण थांबायची माझी इच्छा नाही, आणि तेव्हाही नव्हती. हो. हो, ऐकतोय... बरं. बरं, बाई. फार उपकार झाले.

लेक : काय म्हणाल्या?

दुरुस्तीवाला : काका, बोला की.

बाबा : म्हणाल्या, 'अर्ज माझ्या खणातच आहे. बावीस वर्षांत तुम्ही एक पान चुकीचं पाठवलं नाहीत, हे पहिलंच. म्हटलं, दुरुस्त करायला परत मागाल.'